शिजलेला वाटा

"साहेब, बकऱ्याचं मटण शिजलं की ते बकऱ्याचं राहत नाही का?"

हे विचारायची पैज शकुन आणि गोदानं लावली होती माझ्याशी. शाळेमागच्या चिंचेखाली डबा खाताना गोदा म्हणाली की तू पंधरा ऑगस्टला भाषण केलंस ते पाठ करून, समोरच्या माणसाला तोंडावर विचारणं वेगळं असते. शकुन म्हणाली, विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन. आता दप्तरासाठी काही मी उभी राहिले नाही. मी उभी राहिले, कारण पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या अगदी जवळ, रत्ना बसली होती. पाहुण्यांना हार घालायला सरांनी तिला निवडलं होतं आणि हार घालून झाल्यावरही ती तिथेच बसून राहिली होती, जशी काही तीच पाहुणी.

खरे पाहुणे म्हणजे कृष्णराव साहेब. ते नागपूरच्या प्रयोगशाळेत मटण तपासतात. कुणी पकडलेलं मटण बाटलीत घालून पाठवलं की ते बकऱ्याचं, चितळाचं की डुकराचं हे ते सांगतात. आमचे केवळराम सर त्यांचे कॉलेजातले सोबती, म्हणून त्यांना आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला यावं लागलं.

माझा प्रश्न ऐकून अख्खा हॉल हसला. मागची पोरं बाक वाजवायला लागली. मागच्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज घशातच राहायचा. यंदा तसं नाही. यंदा मी हसणं संपेपर्यंत हात बांधून उभी राहिले आणि मागे वळून एकदा सगळ्यांकडे पाहूनही घेतलं.

दोनच माणसं हसली नव्हती. एक कृष्णराव साहेब, दुसरी रत्ना.

रत्नाबद्दल आधी सांगते, नाहीतर माझी जळण तुम्हाला कळायची नाही.

आमचं गाव आंबागडाच्या पायथ्याशी. रत्नाचं घर आमच्या घराला लागून. तिचे बाबा टिकाराम काका आणि माझे बाबा खुशाल, दोघंही जंगल खात्यात रोजंदारीवर चौकीदार. एकाच सायकलवर डबलसीट कामाला जायचे, चढावर उतरून दोघं मिळून ढकलायचे. दोघांनाही पक्की नोकरी हवी होती आणि जागा एकच निघणार होती. तरी त्यांचं भांडण कुणी ऐकलं नव्हतं. मी मात्र रत्नावर पहिलीपासून जळते, हे मी कशाला लपवू? तिची वेणी कमरेपर्यंत. गणित तिला न विचारता समजते. ती गायला लागली की बाया हातातलं काम सोडतात. पण तेव्हाची जळण साधी होती, हिरवी मिरची चावल्यासारखी. पाणी प्यालं की गेली. अठ्ठ्याऐंशीच्या मंडईनंतरची जळण मात्र उतरलीच नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं नाटक होते, सासरच्या लेकी येतात, मामा-मावश्या येतात. आणि मंडईच्या पाहुण्याला मटण न घालता परत पाठवलं तर वर्षभर ऐकावं लागते. एका घराला अख्खा बकरा परवडत नाही, म्हणून चार घरं मिळून एक घेतात. मोहाच्या झाडाखाली कापतात आणि पळसाच्या पानांवर सारखे वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी चरबी, एखादी नळी. कुणाचा वाटा मोठा दिसला की म्हाताऱ्या लगेच बोट दाखवतात आणि तिकडचा तुकडा इकडे होतो. त्या मंडईला आमचा आणि रत्नाचा वाटा एकाच बकऱ्याचा होता. दोन्ही पानं मीच उचलली. एक आमच्या घरी नेलं, दुसरं रत्नाच्या मायच्या हातात दिलं.

इथपर्यंत दोन्ही घरं सारखीच. फरक पडला तो मामांमुळे.

माझा दादाजी मामा सकाळच्या गाडीनंच उतरला. मामा आला म्हटल्यावर मायनं लगेच चूल पेटवली, मसाला वाटला आणि दुपारच्या आत आमचा वाटा गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजून तयार. रत्नाच्या मामाची गाडी तुमसरला चुकली. तिच्या मायनं मटणाला हळद-मीठ लावलं आणि भाऊ आल्यावर टाकू म्हणून शिंक्यावर टांगून ठेवलं.

आणि नेमकं तेव्हा जंगल खात्याचं पथक आलं. गावाबाहेरच्या बोडीवर, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यावर, त्यांना फासा सापडला होता आणि फाशाला चितळाचे केस होते. इकडे गावात घरोघर मटणाचा घमघमाट. सगळ्या गावाला कुठे धरणार, म्हणून त्यांनी आपलेच दोन चौकीदार धरले. आमच्या गंजातून पळीभर मटण बाटलीत गेलं. रत्नाच्या शिंक्यावरचा कच्चा तुकडा दुसऱ्या बाटलीत गेला. दोन्ही बाटल्यांना लाखेची मोहर लागली. मामा हातात घास धरून बसला होता, तो त्यानं परत ताटात ठेवला.

बाबांनी पथकाला सरळ सांगितलं की दोन्ही वाटे एकाच बकऱ्याचे, मोहाखाली अजून रक्त असेल, पाहून घ्या. पथकाच्या साहेबानं टिकाराम काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहून म्हणाले, "माह्या मटणाचा खुशालच्या मटणाशी संबंध नाही. मी तुमसरच्या बाजारातून वेगळं आनलं."

मी तिथेच होते. रत्नाही होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बाकीच्या घरांनी तर असे चेहरे केले की जन्मात कधी मटण खाल्लं नाही. ज्यांच्या भांड्याला अजून तर्री लागलेली होती, त्यांनीही बकरा पाहिला नव्हता. साहेब नाव लिहून घेईल, या भीतीनं गावातला बकरा गावातून नाहीसा झाला.

मग नागपूरहून निकाल आला. रत्नाच्या बाटलीत बकरा. आमच्या बाटलीतलं शिजलेलं असल्यानं 'जनावर सांगता येत नाही'. जंगल खात्याच्या रेंज हापिसात त्याचा अर्थ लागला की चितळच होतं, म्हणून तर घाईनं शिजवून टाकलं. बाबांना कामावरून काढलं आणि पक्की जागा टिकाराम काकांना मिळाली.

बाबा लोकांच्या धानाच्या चुरण्यावर, म्हणजे मळणीवर, मजुरीला जायला लागले. त्यांचा खाकी शर्ट मायनं धुऊन, घडी करून पेटीत ठेवला. शाळेत पोरं मला 'चितळवाली' म्हणायला लागली. डबा उघडला की कुणीतरी वाकून पाहायचं आणि विचारायचं, "चंदे, शिंगं आनली का आज?" मी पण मग सोडत नव्हते. म्हणायचे, आनली ना, तुह्याच डोक्याले बसवाले.

रत्नाकडे नवी सायकल आली. वेणीला लाल साटिनच्या फिती आल्या. पण सायकलवर आणि फितींवर मी इतकी जळत नव्हते. तिच्या घराला एक शब्द मिळाला होता, बकरा. असा साधा शब्द, चार पायांचा, दाढीवाला, आणि मी त्या शब्दासाठी जळत होते. मी तर तिच्या मामावरही जळत होते. गाडी चुकवणारा मामा सगळ्यांच्या नशिबी नसतो. आमचा मामा वेळेवर आला, एवढाच आमचा गुन्हा.

तर असं सगळं घेऊन मी त्या हॉलमध्ये उभी होते.

कृष्णराव साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मला नाव विचारलं. मी म्हटलं चंद्रकांता. मग त्यांनी सगळ्या हॉलला समजावून सांगितलं. प्रयोगशाळेत सशाला बकऱ्याच्या रक्तातलं पातळ पाणी थोडं थोडं टोचतात. सशाचं रक्त त्या परक्या पाण्याला ओळखायला शिकते. मग सशाच्या रक्तातलं पाणी काढून बारीक काचेच्या नळीत घेतात आणि त्यावर मटणाचा अर्क हळूच सोडतात. मटण बकऱ्याचं असलं की दोन्ही जिथे भेटतात तिथे पांढरी कडी दिसते. चितळासाठी वेगळा ससा. पण ही ओळख प्रथिनांची असते आणि शिजवल्यावर प्रथिनं गोठतात. "उकडलेलं अंडं परत पातळ करता येतं का? तसंच ते. शिजलेल्या तुकड्यासमोर आमचा ससा गप्प बसतो."

पोरं पुन्हा हसली, पण आता सशाला हसली.

साहेब पुढे म्हणाले की प्रत्येक जनावराच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा धागा असतो आणि त्यात त्याची ओळख असते. उकळल्यावर त्या धाग्याचे तुकडे पडतात, तरी तुकड्यांतही ओळख उरते. परदेशात त्यावरून शिजलेलं मटणही ओळखायचं काम सुरू झालं आहे. आपल्याकडे ते यायला काही वर्षं जातील. तुमच्यासारखी मुलं शिकून आली की येईलच.

दुसरी कुणी असती तर खूश होऊन खाली बसली असती. मी म्हणाले, "साहेब, माह्या बाबाले तेवढी वर्षं नाही. तुमच्याकडून आमच्या बाटलीचं 'सांगता येत नाही' आलं. त्याचा अर्थ चितळ होते का?"

आता कुणी हसलं नाही. केवळराम सरांनी खुर्ची मागे सारली, पण मला थांबवलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "नाही," ते म्हणाले. "सांगता येत नाही म्हणजे सांगता येत नाही. बकरा असू शकतो, चितळ असू शकतं. त्यात कुणी चितळ वाचलं असेल, तर ते आम्ही न लिहिलेलं वाचलं."

मला वाटलं, आता टाळ्या. गोदाचं तोंड उघडं होतं. शकुन माझ्या दप्तराकडे पाहत होती. मी मानही थोडी वर केली, खरं सांगते. आणि नेमक्या त्याच वेळी पहिल्या रांगेतून रत्ना उठली.

"साहेब," ती म्हणाली, "एका बकऱ्याचे दोन वाटे असले, अन् एक वाटा बकऱ्याचा निघाला, तं दुसरा कशाचा?"

"दुसराही बकऱ्याचाच. दोन्ही वाटे एकाच जनावराचे आहेत हे नक्की असेल तर."

"नक्की हाये." तिची लाल फीत सुटून खांद्यावर आली होती, ती तिनं मुठीत धरली. "आमचा अन् चंदाचा वाटा एकाच बकऱ्याचा होता. तिनंच आनून देल्ला माह्या मायजवळ. माह्या बाबानं तुमसरचं नाव खोटं सांगतलं."

मग मागे कुणीतरी एकानं टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजायला लागला. सर वाजवत होते, साहेब वाजवत होते, 'चितळवाली' म्हणणारी पोरंही वाजवत होती.

तिच्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, हिच्या बाबांवरचा आळ गेला, ही आनंदानं रडली असेल. मी नाही रडले. मी जळले. इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. माझ्या बाबांच्या बाजूचं सगळ्यात मोठं वाक्य मी मंडईपासून तोंडात धरून बसले होते आणि ते ती बोलून गेली. तेच मी म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, खुशालची पोरगी दुसरं काय म्हणणार. रत्ना बोलली म्हणून ते खरं झालं. बोलून तिचं नुकसान होतं, म्हणून तिच्या बोलण्याला किंमत होती. माझ्याजवळ नुकसान करून घ्यायलासुद्धा काही नव्हतं. सायकलीपेक्षा, फितींपेक्षा हे जास्त झोंबलं.

साहेब तिला म्हणाले की हे इथे सांगून भागणार नाही, तुझ्या वडिलांनी ते अधिकाऱ्यासमोर सांगायला हवं. प्रयोगशाळा बाटलीतलं तेवढं सांगते. बाटलीत काय कुठून आलं, ते माणसांनीच सांगायचं असतं.

शाळा सुटली. शकुननं पैजेप्रमाणे माझं दप्तर उचललं, पण चालली ती रत्नाच्या बाजूनं. रत्ना सायकल हातात धरून पायी येत होती. गावाच्या वळणावर ती मला हळूच म्हणाली, "आता बाबा मारतेत मले." मला दया यायला पाहिजे होती. माझ्या मनात आलं की हिला मार बसला तर गाव आणखीच हिचे गुण गाईल. तरी मी तिच्या घराच्या फाटकापर्यंत गेले आणि काका ओरडले तर आत शिरायचं, असं ठरवून बाहेर उभी राहिले. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मी घरी आले आणि मायला आणि बाबांना सगळं सांगितलं. माझा प्रश्न मी जरा लांबवून सांगितला, रत्नाचं थोडक्यात.

दिवे लागायच्या आधी टिकाराम काका आमच्या ओसरीवर आले. मागे रत्ना. काकांच्या अंगात खाकी शर्ट होता, त्याची वरची गुंडी ते उगाच लावत होते, काढत होते. बाबा खाटेवर बसले होते, त्यांनी सरकून जागा केली. काका बसले नाहीत.

"खुशाल, पोरीनं शाळेत नाक कापलं माहं."

बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "जाग्यावरच दिसते," ते म्हणाले.

काकांना हसू आलं नाही. ते म्हणाले, बाटलीत काय निघेल ते मलाही माहीत नव्हतं. बकरा आहे हे माहीत होतं, पण साहेबांच्या हातात गेलेल्या बकऱ्याचं काय होईल, कोणी सांगावं. तुझ्यासोबत नाव आलं तर दोघंही जाऊ, असं वाटलं. एक तरी वाचावा. मग निकाल आला तेव्हा बोलायला पाहिजे होतं, तर हातात पक्कं काम आलेलं. ते बोलत होते आणि माय चुलीजवळून ऐकत होती. तिनं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

"एक वाचला ना मंग," माय आतून म्हणाली. "आमच्या घरचा मानूस लोकाचं धान चुरून राहिला."

"उद्या येतो मी तुह्यासंग रेंजरसाहेबाजवळ," काका म्हणाले. "हाये ते सांगतो."

"तुही नोकरी जाईन, टिकाराम," बाबा म्हणाले.

"जाईन तं जाईन. पोरगी बोलून नाही राहिली माह्यासंग. जेवलीबी नाही."

बाबांनी खाटेवरची जागा हातानं झटकली. मग म्हणाले, "बस. उभा काहून हायेस?" आणि काका बसले.

मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. बाबांचा खांदा मंडईपासून जो वर चढून बसला होता, तो खाली आलेला मला दिसला. एवढंच झालं असतं तर मी शांत राहिले असते. पण माय चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं पहिला कप रत्नाच्या हातात दिला. कान न तुटलेला, धड कप. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला, सुटलेली फीत बांधून दिली आणि म्हणाली, "पोरगी असावं तं असं. वाघीन हाये बापा." बाबांनी मान हलवली. काकांचे डोळे भरले. रत्नानं खाली पाहिलं, अगदी जसं खाली पाहिलं की मोठ्या माणसांना आणखी आवडते, तसं.

मग ठरायला लागलं की उद्या सकाळी दोघं बाप जातील आणि रत्नालाही सोबत न्यायचं, तिनं शाळेत सांगितलं तसं रेंजरसाहेबांसमोर सांगावं. सगळ्यांना ते एकदम पटलं. मी चहाचा ट्रे धरून दाराशी उभी. मला कुणी विचारलं नाही. चंदाचं काय, चंदा शाळेत जाईल.

मी ट्रे खाली ठेवला.

"माय, बाबा, आयका," मी म्हणाले. "उद्या मी शाळेत जानार नाही. मी रेंज हापिसात येईन तुमच्यासंग."

बाबांनी वर पाहिलं. "तू कायले?"

"टिकाराम काकानं बकऱ्याचं सांगावं, ते त्याहीचं काम हाये. पण त्या निकालात चितळ लिहूनच नाही, हे रेंजरसाहेबाले कोन सांगन? कृष्णराव साहेबानं ते मले सांगतलं. सशाचं, अंड्याचं, सगळं माह्या ध्यानात हाये."

"रत्ना येते ना, बाई," माय म्हणाली. "ते सांगन बराबर."

"येऊ दे रत्नाले. खुर्ची देल्ली तं बसू दे खुर्चीवर. पण पयले मी बोलन. सगळ्या हॉलात उभं राहून तो प्रश्न मी इचारला होता, तिनं नाही."